किती गेलं, केव्हा गेलं, कोणी नेलं: सर्व्हरच्या ट्रॅफिकचा हिशेब

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी होस्टिंग कंपनीची मेल आली. महिन्याच्या १ टीबी डेटापैकी ८० टक्के संपलाय, बिलाचा महिना संपायला अजून ११ दिवस आहेत, मर्यादा ओलांडलीत तर प्रत्येक जीबीचे वेगळे पैसे लागतील. सर्व्हर माझ्या एका स्नेह्यांच्या दिवाळी अंकाचा. तो मी फुकट सांभाळतो; म्हणजे अंकाची एक प्रत आणि चकल्यांचा एक डबा, एवढ्यावर. मेलच्या पाठोपाठ संपादकांचा फोन आलाच. "अरे, आपलं इंटरनेट संपत आलंय म्हणे?"

मेलमध्ये आकडा होता, पण तो कशापायी झाला ते नव्हतं. मग मी तेच केलं जे असल्या वेळी हौशी माणूस करतो. रात्रभर बसून आकडे गोळा करणारं प्रोमिथियस आणि त्यांचे ग्राफ दाखवणारं ग्राफाना चढवलं. पहाटे दोनला काळ्या पडद्यावर हिरव्या-पिवळ्या रेघा हलायला लागल्या. दिसायला फार देखणं होतं. सकाळी संपादकांनी विचारलं, "कोण खातंय मग डेटा?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आत्ता किती जातंय हे मी त्यांना सेकंदाच्या हिशेबाने सांगू शकलो असतो. कोण नेतंय, हे त्या रेघांमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं.

सर्व्हरचं ट्रॅफिक मोजायला कोणतं साधन घ्यावं, असं कोणी विचारलं की मी आता उलटा प्रश्न विचारतो. तुला किती गेलं ते हवंय, केव्हा गेलं ते हवंय, की कोणी नेलं ते हवंय? हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी नीट मिळत नाहीत. पहिला प्रश्न बिलाचा आहे, दुसरा दुखणं शोधण्याचा, तिसरा गुन्हेगार पकडण्याचा. माझी रात्र वाया गेली ती तिसऱ्या प्रश्नासाठी दुसऱ्या प्रश्नाचं अवजार लावल्यामुळे.

मीटर एकच आहे

लिनक्सवर नेटवर्क कार्डातून आत-बाहेर होणारा प्रत्येक बाइट कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःहून मोजत असतो. तुम्ही काहीही बसवलेलं नसलं तरी. /प्रॉक/नेट/डेव्ह ही फाइल उघडून बघा: प्रत्येक कार्डाची एक ओळ, त्यात इतके बाइट आले, इतके गेले, इतकी पॅकेट (डेटाचे छोटे गठ्ठे) आली, इतकी गळाली. हे आकडे सर्व्हर चालू झाल्यापासूनचे असतात आणि फक्त वाढत जातात.

घरातला विजेचा मीटर असाच असतो. त्यावर या महिन्याचं बिल लिहिलेलं नसतं. रीडिंग घ्यायला माणूस येतो, चालू रीडिंगमधून मागचं वजा करतो, ती तुमची युनिटं. ट्रॅफिकचा ग्राफ काढणारं जवळपास प्रत्येक साधन हीच वजाबाकी करतं. एकदा काउंटर वाचायचा, थोड्या वेळाने परत वाचायचा, फरकाला मधल्या सेकंदांनी भागायचं, झाला वेग. साधनासाधनांत फरक आहे तो तीन बाबतींत: किती वेळाने वाचतं, किती दिवस लक्षात ठेवतं, आणि जुनं कसं विसरतं. यातली तिसरी बाब सगळ्यात कमी लोक बघतात आणि सगळ्यात जास्त फसवते ती तीच. तिच्याकडे पुढे येतो.

मीटरची आणखी एक गोष्ट इथे लागू पडते. जुन्या चक्रीच्या मीटरवर ९९९९९ नंतर ००००० यायचं. नेटवर्कच्या जगात राउटर-स्विचकडून आकडे मागवायला एसएनएमपी नावाची पद्धत १९८८ पासून आहे, आणि तिचे मूळचे काउंटर ३२ बिटांचे. म्हणजे सुमारे ४.२९ जीबी झाले की पुन्हा शून्य. त्या काळच्या १० एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १० मेगाबिटच्या, जाळ्यावर हा काटा फिरून यायला ५७ मिनिटं लागायची, कोणाला चिंता नव्हती. १०० एमबीपीएसवर पावणेसहा मिनिटं. १ जीबीपीएसवर ३४ सेकंद. आता दर पाच मिनिटांनी वाचणारं साधन लावलंत तर मधल्या वेळात काटा आठ-नऊ वेळा फिरून गेलेला असतो आणि साधनाला पत्ताच नसतो. ग्राफ येतो, छान नागमोडी येतो, आणि साफ खोटा असतो. यासाठी ६४ बिटांचे वेगळे काउंटर आहेत. त्यांच्या नावात एचसी अशी अक्षरं असतात. स्विचचा ग्राफ काढताना साधन तेच वाचतंय ना, एवढं एकदा बघून घ्या. आजच्या ६४ बिटांच्या लिनक्स सर्व्हरवर थेट काउंटर वाचत असाल तर ही भानगड नाही.

सर्व्हर रीबूट झाला की हा काउंटर शून्यावर येतो. कच्ची स्क्रिप्ट लिहिणारे इथे हमखास आपटतात. वजाबाकी उणे येते किंवा ग्राफवर आभाळाला टेकलेला सुळका उभा राहतो. तयार साधनांना हे कळतं. आकडा घसरला म्हणजे मीटर नव्याने सुरू झाला असं ती धरतात.

किती गेलं: व्हीएनस्टॅट

बिलाचा प्रश्न असेल आणि सर्व्हर एकच असेल, तर मी डोळे मिटून व्हीएनस्टॅट सांगतो. फिनलंडच्या टेमू तोइवोला यांनी लिहिलेलं, वर्षानुवर्षं चालत आलेलं छोटं साधन आहे. एक सेवा मागे चालू राहते, कर्नलचा काउंटर अधूनमधून वाचते, आणि तास, दिवस, महिना, वर्ष अशा बेरजा एका छोट्या डेटाबेसमध्ये टाकते. पॅकेट उघडून बघत नाही, त्यामुळे सर्व्हरवर भार जवळपास शून्य. रीबूट झालं तरी जुन्या बेरजा शाबूत. टर्मिनलमध्ये एक कमांड दिली की महिन्याचा तक्ता समोर, आणि चालू महिन्याच्या खाली "याच गतीने गेलं तर महिनाअखेर इतकं होईल" असा अंदाजही. चित्ररूपात हवं असेल तर सोबतचं व्हीएनस्टॅट-आय पीएनजी फाइल काढून देतं.

दोन-तीन गोष्टी मात्र बसवतानाच उरका. पहिली, महिना कधी बदलतो. माझ्या होस्टिंगचा महिना ७ तारखेला सुरू होतो, व्हीएनस्टॅटचा १ तारखेला. दोन्ही आकडे जुळेनात म्हणून मी अर्धा दिवस कंपनीशी भांडत होतो. कॉन्फिगमध्ये मंथ-रोटेट म्हणून एक ओळ आहे, तिथे ७ लिहिल्यावर भांडण मिटलं.

दुसरी, जीबी कोणता. कंपन्या बहुधा १००० च्या पटीत मोजतात, व्हीएनस्टॅट मुळात १०२४ च्या पटीत दाखवतं. जीबीपाशी हा फरक ७ टक्क्यांचा, टीबीपाशी जाईपर्यंत १० टक्क्यांचा होतो. व्हीएनस्टॅटवर ०.९५ दिसतंय, अजून जागा आहे, म्हणून निवांत बसलात तर कंपनीच्या हिशेबात तुम्ही रेघ ओलांडलेली असते.

तिसरी, व्हीएनस्टॅटला भूतकाळ माहीत नसतो. बसवलेल्या क्षणापासून मोजतं. म्हणून मेल यायची वाट न बघता सर्व्हर घेतल्या दिवशीच बसवायचं. मी बसवलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

आणि बिट-बाइटचा घोळ. बोलताना आपण दोन्हीला एमबी म्हणतो आणि तिथेच पाय घसरतो. लाइनचा वेग बिटांत सांगतात, फाइलचं वजन बाइटांत, आणि ८ बिटांचा १ बाइट. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरून वाहिली तरी सेकंदाला साडेबारा एमबीच नेते. आता महिन्याचा १ टीबी घ्या. ३० दिवसांवर पसरला तर सरासरी वेग येतो ३.१ एमबीपीएस. घरच्या वायफायपेक्षा कितीतरी कमी! आणि तोच सर्व्हर १ जीबीपीएसच्या पोर्टवर बसलेला असतो, म्हणजे कोणी नळ पूर्ण उघडला तर अख्खा महिन्याचा कोटा सव्वादोन तासांच्या आत वाहून जाईल. दोन आकडे शेजारी ठेवले की त्या मेलमधली भीती समजते.

क्लाउडवर असाल तर आणखी एक बघा. बहुतेक कंपन्या बाहेरून येणाऱ्या डेटाचे पैसे लावत नाहीत, तुमच्याकडून बाहेर जाणाऱ्याचे लावतात. येणारं-जाणारं यांची एकत्र बेरीज दाखवणारा तक्ता अशा वेळी निरुपयोगी. शिवाय काहीही बसवायच्या आधी कंपनीच्या पॅनेलमध्ये डोकवा. तिथे बहुधा फुकटचा ग्राफ असतोच. पैसे त्यांच्या मीटरप्रमाणे जाणार असतात, तुमच्या नाही.

केव्हा गेलं: ग्राफ

इथे गर्दी आहे. थोडा इतिहास सांगतो, कारण तो कळला की आजची साधनं अशी का आहेत ते कळतं.

१९९४ च्या सुमारास टोबियास ओटिकर इंग्लंडमध्ये लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात काम करत होता. बाहेरच्या जगाकडे जाणारी लाइन एकच, तीही ६४ केबीपीएसची. ती भरलीय की रिकामी, हे सगळ्यांनाच जाणून घ्यायचं असायचं. त्याने पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक स्क्रिप्ट लिहिली: राउटरचा काउंटर वाचायचा आणि वेबपेजवर ग्राफ काढायचा. ही एमआरटीजी. येणारं हिरव्या रंगात भरलेलं, जाणारं निळ्या रेघेत. जगभरच्या इंटरनेट कंपन्यांच्या भिंतींवर पुढे हाच हिरवा-निळा ग्राफ लटकत राहिला. त्यातला आकडे साठवण्याचा भाग सुटा करून १९९९ मध्ये त्याने आरआरडीटूल काढलं. कॅक्टाय, म्युनिन अशी ग्राफ काढणारी कितीतरी साधनं आजही त्याच पायावर उभी आहेत.

आरआरडीची खुबी म्हणजे तिची फाइल कधीच वाढत नाही. पहिल्या दिवशी जेवढी, दहाव्या वर्षीही तेवढीच. गोल रहाटासारखी रचना: जुन्या खणावर नवा आकडा. मग वर्षभराचा ग्राफ कुठून येतो? जुने आकडे एकत्र करून त्यांची सरासरी ठेवली जाते. दोनेक दिवसांपर्यंत पाच-पाच मिनिटांचे आकडे, त्यानंतर अर्ध्या तासाची सरासरी, मग दोन तासांची, मग दिवसाची.

याने काय होतं ते एका उदाहरणात बघू. समजा सर्व्हर दिवसभर २० एमबीपीएसवर शांत चाललाय आणि दुपारी पाच मिनिटं ९०० एमबीपीएसचा लोंढा आला. आजच्या ग्राफवर ९०० चा सुळका दिसतो. पुढच्या आठवड्यात, अर्ध्या तासाच्या सरासरीत, तोच सुळका १६७ वर येतो. महिन्याभराने दोन तासांच्या सरासरीत ५७. वर्षाच्या ग्राफवर त्या दिवसाचा आकडा असतो २३, आणि शेजारचा साधा दिवस २०. लोंढा आला होता याची खूणही उरत नाही. मग कोणीतरी वार्षिक ग्राफ दाखवून बैठकीत सांगतो, "आपली लाइन तीन टक्केही भरत नाही, छोटी घेऊ या."

उपाय आरआरडीतच आहे. सरासरीसोबत प्रत्येक टप्प्याचा कमाल आकडाही साठवायला सांगता येतो. फाइल बनवतानाच सांगावं लागतं. विसरलेलं मागाहून परत मिळत नाही. कोणतंही साधन घ्या, जुना डेटा हे कसं विसरतं, असं आधी विचारा. सूट-बूट पाहून निवड करू नका.

प्रोमिथियसची गोष्ट निराळी. साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ मध्ये ते सुरू झालं. प्रत्येक सर्व्हरवर नोड एक्सपोर्टर नावाचा छोटा प्रोग्राम बसतो आणि ९१०० या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर, काउंटर जसेच्या तसे मांडून ठेवतो. प्रोमिथियस ठरावीक वेळाने येऊन ते उचलतं. रीडिंग घेणारा माणूस दारोदार फिरतो, तसंच. वजाबाकी साठवताना होत नाही, ग्राफ काढताना होते, त्यामुळे हवा तसा प्रश्न मागाहून विचारता येतो. सरासरी काढून जुनं बारीक करणं इथे नाही. वय झालं की डेटा सरळ पुसला जातो, आणि हे वय मुळात फक्त १५ दिवसांचं आहे. मागच्या दिवाळीशी तुलना करायची असेल तर पहिल्याच दिवशी ते वाढवून घ्या. ग्राफाना हा त्यावरचा चेहरा. ग्राफाना स्वतः काहीच मोजत नाही, हे कितीतरी जणांना ठाऊक नसतं. आणि बाइटांचे आकडे येतात, बिट हवे असतील तर ८ ने गुणायचं, हेही विसरतात. मीही विसरलो होतो. पहिल्या रात्री ग्राफ बघून वाटलं होतं, छे, एवढंसं तर जातंय.

नेटडेटा बसवायला सगळ्यात सोपं. दर सेकंदाला वाचतं, काहीही न सांगता सगळी कार्डं शोधून ग्राफ मांडतं. चालू दुखण्याच्या वेळी याच्यासारखं दुसरं नाही. पाच मिनिटांच्या सरासरीत न दिसणारे झटके इथे ठळक दिसतात. फक्त १९९९९ हे त्याचं पोर्ट उघड्या इंटरनेटवर ठेवू नका. फायरवॉलने बंद करा आणि एसएसएच या सुरक्षित जोडणीच्या बोगद्यातून बघा. तुमच्या घरात कोणती उपकरणं केव्हा चालतात, याचा तक्ता कोणी दारावर लावतं का?

सोबत राउटर, स्विच, वायफायचे खांब असा लवाजमा असेल, म्हणजे कॉलेज, कारखाना, छोटी केबल-इंटरनेट कंपनी, तर लिब्रेएनएमएस बघा. एसएनएमपीवरून उपकरणं स्वतः शोधतं आणि पोर्टागणिक ग्राफ देतं. उपकरणांवर पब्लिक हा मूळचा परवलीचा शब्द ठेवू नका एवढंच.

ग्राफ कोणताही असो, वाचताना तीन खड्डे आहेत. एक म्हणजे दिशा. सर्व्हरच्या कार्डावर जे जाणारं, तेच समोरच्या स्विचच्या पोर्टावर येणारं. दोन ग्राफ शेजारी ठेवून उलटे का, म्हणून डोकं खाजवत बसू नका. दुसरा खड्डा दुहेरी मोजणीचा. दोन कार्डं बांधून एक बाँड केलेला असेल आणि तुम्ही तिन्हींची बेरीज केलीत तर प्रत्येक बाइट दोनदा येतो. प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं डॉकर असेल तर खोटीखोटी कार्डं डझनाने उगवतात. बिलासाठी बाहेरच्या जगाकडे जाणारं एकच कार्ड मोजा. तिसरा, रिकामी जागा आणि शून्य यांतला फरक. ट्रॅफिक नव्हतं की मोजणाराच झोपला होता? काही साधनं आकडा न मिळाल्यावर शून्य काढतात, काही रेघ तोडतात. तोडणारी बरी. आणि मोजणारा त्याच सर्व्हरवर बसवला असेल तर सर्व्हर पडल्यावर तोही पडतो, नेमकी ज्या वेळी गरज असते त्या वेळी.

मुंबई-पुण्याकडच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने जागा घेणाऱ्यांसाठी एक छोटी गंमत. तिथे बिल कधीकधी ९५ व्या पर्सेंटाइलने येतं. दर पाच मिनिटांचा वेग नोंदवायचा. ३० दिवसांत ८,६४० नोंदी. त्या उतरत्या क्रमाने लावायच्या, वरच्या ५ टक्के, म्हणजे ४३२, फेकायच्या, आणि उरलेल्यांतली सगळ्यात मोठी ती बिलाची. ४३२ नोंदी म्हणजे ३६ तास. आता रोज रात्री तासभर पूर्ण वेगाने बॅकअप चालवलात तर महिन्याचे ३० तास होतात, सगळेच्या सगळे माफ. तोच बॅकअप रोज दीड तास चालला की ४५ तास, आणि बिल थेट बॅकअपच्या वेगाने. अर्ध्या तासाने बिल कित्येक पट होऊ शकतं. अशा बिलासाठी व्हीएनस्टॅटची मासिक बेरीज कामाची नाही. महिनाभराच्या पाच-पाच मिनिटांच्या नोंदी न चेपता जपणारं साधन लागतं. व्हीएनस्टॅटच्या नव्या आवृत्त्या हे करू शकतात, पण पाच मिनिटांचे आकडे त्या मुळात ४८ तासच ठेवतात, ती मुदत आधी वाढवावी लागते.

कोणी नेलं

विजेच्या मीटरकडे बघून गिझर किती खातो आणि फ्रिज किती, हे कळत नाही. कर्नलच्या काउंटरचंही तेच. इथून पुढे पॅकेट उघडून बघणारी साधनं लागतात.

आयएफटॉप चालवलं की (चालू प्रोग्रामांची यादी दाखवणाऱ्या) टॉप कमांडसारखा हलता तक्ता येतो: आपला सर्व्हर आणि समोरचा पत्ता, मध्ये बाण, आणि उजवीकडे गेल्या २, १० आणि ४० सेकंदांची सरासरी. पत्त्यांची नावं शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून तो शोध बंद करून चालवा. नेटहॉग्ज याच कामाची दुसरी बाजू दाखवतं: कोणता पत्ता याऐवजी कोणता प्रोग्राम. बॅकअपची विसरलेली स्क्रिप्ट, कोणीतरी घुसवलेलं नको ते सॉफ्टवेअर, असलं काही असेल तर नेटहॉग्ज दोन मिनिटांत सापडवतं. दोन्ही शेजारी चालवाल तर एक लक्षात असू द्या. आयएफटॉप मुळात बिट दाखवतं, नेटहॉग्ज बाइट. आकडे आठपटीने वेगळे दिसले तर दोन्ही बरोबर आहेत. दोन्हींना रूटचे, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याचे, अधिकार लागतात आणि दोन्ही फक्त "आत्ता"चं बोलतात. घंटी वाजल्यावर दार उघडून बघायची ही साधनं, कायम दारात उभं करायची नाहीत. राउटर तुमच्या ताब्यात असेल तर नेटफ्लो किंवा एसफ्लोने "कोणी नेलं" याची कायमची वहीही ठेवता येते, पण एका सर्व्हरसाठी तो खटाटोप मी करणार नाही.

माझ्या सर्व्हरवर नेटहॉग्जने सांगितलं: सगळं एन्जिनएक्स हे वेबसर्व्हरचं सॉफ्टवेअर नेतंय. वेबसर्व्हरवर वेबसर्व्हरच डेटा पाठवणार, दुसरं कोण? इथे आठवलं की खरी वही पहिल्यापासून समोर पडलेली होती. अ‍ॅक्सेस लॉग. कोणाचा पत्ता, केव्हा आला, काय मागितलं, किती बाइट दिले, असं सगळं प्रत्येक ओळीत. आणि ही वही मागच्या तारखांचीही असते, व्हीएनस्टॅटसारखी आजपासूनची नाही. मागितलेल्या फाइलप्रमाणे बाइटांची बेरीज करायची, की झालं. गोअ‍ॅक्सेस हे टर्मिनलमधलं साधन ती बेरीज तयार करूनच देतं. ऑक या मजकूर चाळणाऱ्या कमांडची एक ओळ लिहिता येत असेल तर तेही नको.

बेरीज आली. सगळे मिळून ८०० जीबी, त्यातले ६८८ जीबी एकाच फाइलचे. मागच्या वर्षीच्या अंकाची पीडीएफ, ८६ एमबीची. छपाईसाठी काढलेली फाइल कोणीतरी तशीच वेबसाइटवर चढवली होती. कोणीतरी म्हणजे मीच.

तरीही मन मानेना. ग्राफानाच्या रेघेवर रोजचा डोंगर दुपारी चारला सुरू होऊन साडेपाचला उतरत होता. दुपारी चारला दिवाळी अंक कोण वाचतं? नक्की कोणता तरी बॉट, म्हणजे आपोआप फाइली उतरवणारा प्रोग्राम, असणार, असं धरून मी पत्ते अडवायच्या तयारीला लागलो. तेवढ्यात सर्व्हरचं घड्याळ नजरेला पडलं. ते यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, होतं, आणि ग्राफही मी त्याच वेळेवर ठेवला होता. साडेपाच तास मिळवा. डोंगर रात्री साडेनऊ ते अकराचा निघाला. जेवणं आटोपल्यावर कुठल्याशा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीडीएफची लिंक फिरत होती, आणि मोबाइलवर प्रत्येक वेळी उघडताना ८६ एमबी नव्याने उतरत होते. थोडक्यात, मी वाचकांनाच अडवायला निघालो होतो. तेव्हापासून यूटीसीवरच्या सर्व्हरवर व्हीएनस्टॅटचा "आजचा दिवस" आपल्या पहाटे साडेपाचला उगवतो, हे मी पहिलं बघतो.

पीडीएफमधली चित्रं हलकी केली, फाइल १४ एमबीवर आली, आणि महिन्याचे उरलेले दिवस सुखाने गेले. ग्राफाना मी उतरवून टाकलं. आता त्या सर्व्हरवर व्हीएनस्टॅट आहे, लॉग तीन महिने जपले जातात, आणि आयएफटॉप बसवून ठेवलंय पण चालू नसतं.

संपादकांना मी सगळं समजावलं. बाइट, बिट, यूटीसी. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे मागचा अंक किती जणांनी उतरवला?" ६८८ जीबीला ८६ ने भागलं, साधारण ८,००० प्रती होतात, मी म्हणालो, पण तीच माणसं परत परत उघडतात, काही अर्ध्यावर सोडतात, त्यामुळे हे वाचक नव्हेत, सर. "हो हो, कळलं," म्हणाले. यंदाच्या जाहिरातदारांना पाठवलेल्या पत्रात दुसऱ्याच ओळीत आहे: गतवर्षीच्या अंकाचे ८,००० डिजिटल वाचक.